एका वाक्याची कबुली

पहाटेची प्रार्थना झाली, की सगुणाबाई आपला पेला राखेने घासून ओट्यावरच्या कोनाड्यात पालथा घालीत. पेला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा होता, कडेला पोचा आलेला. दवाखान्यातून निघताना त्यांनी तो बरोबर आणला होता. मुलाच्या घरी येऊन महिना उलटला, तरी त्या पेल्याने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला नव्हता. चहा झाला, की सून सुवार्ता दारातूनच वाकून किटलीतला चहा त्यात वरून ओती. धार बारीक धरी, शिंतोडा उडू नये म्हणून. सगुणाबाई पेला दोन्ही हातांनी धरीत आणि मान खाली घालीत, म्हणजे सुनेला त्यांच्याकडे पाहावे लागत नसे.

सत्तावन्न सालची ही गोष्ट. घर काळेवाडीत, दोन खोल्यांचे, भाड्याचे. मुलगा शमुवेल नदीपलीकडे पिंपरीला औषधाच्या कारखान्यात कामाला होता. नगरकडच्या खेड्यांतून कामासाठी आलेली ख्रिस्ती घरे या भागात आता पंधरावीस झाली होती. निर्वासितांच्या छावणीजवळ एका पत्र्याच्या बराकीत त्यांची उपासना भरे. देऊळ बांधायला अजून अवकाश होता, पण मंडळी उभी राहिली होती, पंच नेमले गेले होते, आणि पुण्याचे पाळक तीन महिन्यांतून एकदा येऊन प्रभुभोजन, म्हणजे मेजावरची भाकर आणि प्याल्यातला द्राक्षारस, देत.

सगुणाबाईंच्या अंगावर पहिला चट्टा दिसला तेव्हा शमुवेलचे लग्न व्हायचे होते. नवरा आधीच वारला होता. गावच्या लोकांनी महिनाभर घराकडे पाठ फिरवली, तेव्हा त्या आपण होऊनच पुण्याकडच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात गेल्या. आधी सुया झाल्या, मग नव्या गोळ्या आल्या. रोग गेला. डाव्या हाताची दोन बोटे मात्र वाकलेली राहिली, ती राहिलीच. डॉक्टरांनी शमुवेलला समोर बसवून सांगितले होते, की आता यांच्यापासून कुणालाही काही होणार नाही, यांना घरच्या माणसासारखे वागवा.

सुवार्ता वाईट नव्हती. ती भीत होती. तिच्या पदरी सात महिन्यांची दीना होती, आणि शेजारी यशोदाबाई होत्या. यशोदाबाई मंडळीतल्याच, वयाने मोठ्या, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. पाण्याच्या रांगेत त्या सगळ्यांच्या देखत म्हणत, "सुवार्ते, तुझा हंडा मागनं लाव बाई. तुझ्या घरी पाहुणी हाय." बायका हसत. सुवार्ता हंडा मागे घेई आणि घरी येऊन सासूचे धुतलेले लुगडे पुन्हा उकळत्या पाण्यात टाकी.

दीना रांगायला लागली होती. रांगत रांगत ती ओट्याकडे यायची, आजीकडे बघून हसायची. ती जवळ आली, की सगुणाबाई दोन्ही हात पदराखाली घेत आणि सुनेला हाक मारीत, "सुवार्ता, पोर आली गं भाईर." आणि सुवार्ता धावत येऊन तिला उचलून नेई. दिवसातून किती वेळा हे होई, ते मोजण्यात अर्थ नव्हता. पोरीला उंबरठ्याचा नाद होता.

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला, तसे एका दुपारी सोपानराव घरी आले. मंडळीचे ते मुख्य पंच. सगुणाबाईंच्या नवऱ्याबरोबर लहानपणी एकाच शाळेत गेलेले. माणूस दुष्ट नव्हता. ओट्याखालच्या बाजेवर ते बसले, पण बसण्यापूर्वी बाज हाताने झटकली. मग आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले आणि ते उगाच उन्हाबद्दल बोलू लागले.

त्यांचे काम असे होते. भोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सायंकाळी, तयारीची उपासना होई. मेजापासून दूर राहिलेल्या माणसाने त्या वेळी मंडळीपुढे उभे राहून आपले पाप कबूल करायचे, अशी रीत होती. दारू पिणारा उभा राही, बायकोला मारणारा उभा राही. पंचांनी बसवून दिलेले एक वाक्य ते पाठ म्हणून दाखवीत आणि खाली बसत. सगुणाबाईंसाठीही पंचांनी वाक्य ठरवले होते: माझ्या पापामुळे देवाने मला हा रोग दिला, मंडळीने मला क्षमा करावी.

सगुणाबाईंनी ते ऐकून घेतले. 

"कंचं पाप, सोपानभाऊ?"

"ते मी कसं सांगणार, वहिनी? ते तुम्हाला ठाऊक आणि देवाला ठाऊक. तुम्ही नुसतं म्हणायचं."

"मी रोज सांजसकाळ देवाम्होरं माझी पापं सांगते. त्यात ह्ये न्हाई."

सोपानराव ओशाळून हसले. म्हणाले, सगळेच म्हणतात, वाक्य ते, त्याला कोण एवढं धरून बसतो. सगुणाबाईंनी शांतपणे विचारले, की धरायचे नसेल तर देवाच्या घरात ते म्हणायचे कशाला. तेव्हा त्यांना खरे सांगावे लागले. प्याला सगळ्यांचा एक. त्याला सगुणाबाईंचे ओठ लागायचे, तर लोकांच्या मनाला काहीतरी आधार हवा. कबुली झाली, म्हणजे शुद्ध झाल्या, असे म्हणता येते. तरीही त्यांना शेवटीच बसवावे लागेल, ते वेगळे.

"शमुवेलचा विचार करा," जाताना ते म्हणाले. "त्याला याच लोकांत राहायचंय."

त्या संध्याकाळी शमुवेल शिफ्टवरून आला, तेव्हा त्याला सगळे कळलेले होते. आईचे ताट ओट्यावर होते, त्याचे आत. मधे उंबरठा. तो भाकरी मोडत उंबरठ्याशी येऊन बसला. आईने ते वाक्य म्हणावे, असे त्याचे म्हणणे होते. मंडळीने एकदा मेजाला घेतले, की खोली सोडा म्हणणाऱ्या घरमालकाच्या तोंडाला कुलूप बसेल, यशोदामावशींना बोलायला जागा उरणार नाही. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आई, मग दीनाला तुझ्या मांडीवर देऊ. सुवार्ताचं पण तसंच म्हणणं आहे."

आत चुलीपुढे सुवार्ताने मान डोलावली. 

सगुणाबाईंचा घास हातातच राहिला. जेमतेम अकरा शब्दांचे एक वाक्य. ते म्हटले की मांडी भरणार होती. दवाखान्यात त्यांनी देवाजवळ पुष्कळ मागणे मागितले होते, पण कधी कुणी इतक्या जवळून त्यांना काही देऊ केले नव्हते. त्या दिवसापासून शनिवारपर्यंत त्यांनी उपास धरला. सुनेला सांगितले, पोट बरे नाही. ओट्यावर एकट्या बसून त्या ते वाक्य ओठांवर घेऊन बघत. पहिला शब्द निघे, दुसरा निघे, आणि तिथे त्यांना एक वेणी दिसे.

ती वेणी खैरुन्निसाची होती. चाकणच्या बाजारात हमाली करणाऱ्या हनीफची मुलगी, सात वर्षांची. दवाखान्यात तिची खाट सगुणाबाईंच्या खाटेला लागून होती. रोज सकाळी ती फणी घेऊन पाठ करून बसे, आणि सगुणाबाई आपल्या धड हाताने तिचे केस विंचरीत.

शनिवारी सायंकाळी बराक भरली. जमिनीवर सतरंज्या अंथरलेल्या, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. मेजापाशी पुण्याहून आलेले तरुण पाळक होते. दाराजवळ, चपलांच्या अलीकडे, एक सुटी सतरंजी होती. ती कुणासाठी, हे सांगावे लागले नाही. गीत झाले, प्रार्थना झाली, आणि सोपानरावांनी सगुणाबाईंचे नाव घेतले.

त्या उठल्या. पदर नीट केला. त्यांचा आवाज मुळातच लहान, तो ऐकायला बराकीला गप्प व्हावे लागले.

"माझं एक पाप हाय. त्ये मी आज मंडळीला सांगते. मी धडधाकट व्हते तवाची गोष्ट. आमच्या गावी नाताळाचं जेवाण व्हतं आन् पाणी वाढायचं काम माझ्याकडं. देवळाच्या दारात एक मानूस आला. त्याच्या हाताला बोटं नव्हती. म्हणला, बाई, मी बी बाप्तिस्मा घेतलेला हाय, मला आत बसू द्या. मी त्याला आत घेतलं न्हाई. भाईरच वंजळ धराय लावली आन् वरनं पाणी वतलं. दाराशी येका माठाला त्याचा हात लागला व्हता, त्यो त्याच्या डोळ्यादेखत फोडला. आन् दाराला कडी घातली. ह्ये माझं पाप. देवानं मला त्याची क्षमा केली असंल. त्या मानसाची मागायची ऱ्हायली. त्यो कुठं गेला म्हाईत न्हाई."

सोपानरावांनी सुटकेचा श्वास टाकला. वाक्य ठरल्याप्रमाणे नव्हते, पण काम होण्यासारखे होते. ते म्हणाले, "म्हणजे त्याच पापाचं फळ देवानं दिलं. झाली कबुली."

"न्हाई, भाऊ." सगुणाबाई अजून उभ्याच होत्या. "त्याचा रोग असता, तर मी एकली नव्हते त्या देवळात. समद्यांनी मला शाबास म्हटलं व्हतं, किती सोवळी सून म्हणून. आज बोटं किती जणांची शाबूत ऱ्हायली असती?"

 पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखे ऐकू येत होती.

"दवाखान्यात माझ्या शेजारी चाकणची येक पोर व्हती. सात वर्साची. रोग पापाचा म्हणून मी म्हणले, तर तिच्या पदरातबी पाप बांधलं. त्ये माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

"मुसलमानाची पोर," यशोदाबाई शेजारणीला म्हणाल्या, अगदी हळू, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेले.

सगुणाबाई खाली बसल्या. पंच कोपऱ्यात जाऊन बोलले, पाळकांशी बोलले. पाळक मान खाली घालून ऐकत होते. मग सोपानरावांनी सांगितले, की ठरलेली कबुली झालेली नाही, तेव्हा या खेपेला मेजावर घेता येणार नाही. पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप म्हणजे तीन महिने.

परतताना शमुवेल पुढे चालला होता, चपला वाजवीत. सगुणाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे, पाचसहा पावले सोडून. काळेवाडीच्या वाटेला लागल्यावर सुवार्ता थांबली आणि त्या जवळ येईपर्यंत उभी राहिली.

"आत्याबाई, त्या पोरीचे केस आता कोण विंचरतं?"

"म्हाईत न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "बाप येकदा आला व्हता. फाटकातनंच हात केला आन् गेला."

 घरी जाऊन सुवार्ताने चूल पेटवली.

रविवारी सकाळी मेजावर पांढरे कापड होते. भाकर वाटली गेली. प्याला आधी पुरुषांकडून फिरला. सोपानरावांनी घेतला, डोळे मिटून. शमुवेलने घेतला, डोळे उघडे ठेवून, पण कुणाकडेही न पाहता. मग पाळक बायकांच्या रांगेने आले. दाराजवळच्या सतरंजीवर सगुणाबाई हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी यायला नको होते, असे पुष्कळांना वाटले असेल. पण प्रभूच्या दिवशी घरी बसायचे नाही, हे त्यांचे व्रत होते, आणि ते त्यांनी दवाखान्यातही मोडले नव्हते.

पाळकांनी प्याला सुवार्तापुढे केला. तिच्या मांडीवर दीना होती. तिने हात पुढे केला नाही.

"आत्याबाईंना आधी द्या, पाळकसाहेब. मग मी घेते."

पाळक तिथेच उभे राहिले. त्यांनी दाराकडे पाहिले. मग पंचांकडे पाहिले. सोपानराव सतरंजीच्या दशा नीट करीत होते. पाळकांना शास्त्र पाठ होते. महारोग्याच्या अंगावर हात ठेवून, तू शुद्ध हो, असे प्रभू म्हणाला, यावर त्यांनी याच बराकीत उपदेश केला होता. दार आणि ते, यांच्यामध्ये बायकांच्या दोन रांगा होत्या. एवढेच अंतर होते.

"द्या इकडं," सुवार्ताच्या पलीकडून यशोदाबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं फार वेळ बसवत न्हाई." आणि त्यांनी सुवार्ताच्या पुढून हात लांब करून प्याला घेतला, घोट घेतला, परत दिला.

तेव्हा पाळक सुवार्ताला वगळून रांगेत पुढे गेले. प्याला रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत फिरला आणि दारापर्यंत न जाताच मेजावर परत आला. आकाश कोसळले नाही, कुणी रडले नाही. शेवटचे गीत नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटले गेले. मग प्याला धुऊन, मऊ फडक्याने पुसून, पेटीत ठेवला गेला. तो अजून स्वच्छ असेल. आपल्या देवळांतले प्याले स्वच्छच असतात. ते कुणाच्या ओठांपर्यंत जायचे थांबले, एवढेच आपण स्वतःला विचारायचे राहते.

शमुवेल सतरंज्या गोळा करायला मागे राहिला. दोघी बायका बाहेर पडल्या. छावणी मागे पडली, नदीकडची वाट लागली. ऊन तापले होते. सगुणाबाई सवयीने पाचसहा पावले मागे राहिल्या, तर सुवार्ताही थांबली. त्या पुन्हा थांबल्या, तर तीही थांबली.

"पुढं चल की गं."

"माझा हात अवघडलाय," सुवार्ता म्हणाली. "हिला धरा जरा."

सगुणाबाईंचे हात पदराखालून बाहेर आले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. वाटेवर कुणी नव्हते.

"अगं, मंडळीनं तर..."

"धरा, आत्याबाई."

तिने पोर त्यांच्या छातीशी दिली आणि आपले हात सोडले, तेव्हा धरण्यावाचून इलाज नव्हता. दीनाने आजीच्या तोंडाकडे नीट पाहिले. मग डाव्या हाताची ती दोन वाकडी बोटे तिला सापडली. तिने ती मुठीत धरली आणि सरळ तोंडात घातली. सगुणाबाई घाबरून हात ओढून घेऊ लागल्या.

"राहू द्या," सुवार्ता म्हणाली आणि चालू लागली. "दात येतायत तिला."