कोकोपीटचा पहिला वाढदिवस

चौथ्या काचघरातलं कोकोपीट वाचलं. चारशे पिशव्या होत्या, एकही कचऱ्यात गेली नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही अजून घडलेलंच नाही. आज गुरुवार, सकाळचे साडेसात वाजलेत, दुपारी चारला कचऱ्याचा ट्रक येणार आहे आणि आफ्के सकाळपासून तिसऱ्यांदा घड्याळ बघतेय.

दे लीर या डच गावात डिसेंबर लागला की टोमॅटोचे वेल उपटून टाकतात आणि आफ्केचा बाप, लेन्डर्ट, दरवर्षीचं फर्मान काढतो: जुनं कोकोपीट बाहेर, नवं आत. नारळाच्या सालीचा हा भुसा अर्ध्या जगाला वळसा घालून येतो, एक हंगाम टोमॅटो पोसतो आणि कचऱ्यात जातो. आफ्केला हे पटेना. तीन आठवडे खपून तिने मुळांची जाळी हाताने ओढून काढली, भुशाला वाफ दिली, तो धुतला, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवला, परत धुतला. तिच्या नखांतली तपकिरी रेघ आता पासपोर्टवर ओळखखूण म्हणून नोंदवायचीच बाकी होती.

"बाबा, मीटर तरी बघ. क्षार उतरलेत."

"मेलेल्या माणसाच्या चादरीवर झोपशील का तू?"

"तू आजोबांच्या पलंगावरच झोपतोस."

"गादी बदलली होती! गुरुवारी चारला ट्रक येतोय. विषय संपला."

विषय चार वर्षांपूर्वीच संपला होता. तेव्हा लेन्डर्टने जुनं कोकोपीट न धुताच परत वापरलं. क्षारांनी पानांच्या कडा जळाल्या आणि सगळी रोपं नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखी दिसू लागली. तेव्हापासून क्षारांचा मीटर दिसला की तो मान फिरवायचा, जुनी प्रेयसी बाजारात दिसावी तशी.

पण त्या घरात लेन्डर्टच्याही वर एक कायदा होता. तो संडासात टांगलेला होता.

वाढदिवसांची दिनदर्शिका. तिच्यावर ज्याचं नाव, त्याच्यासाठी खुर्च्या गोल मांडायच्या, कॉफी करायची, केक कापायचा, आणि येणाऱ्याने गोलातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. नाव खोडायची पद्धत नव्हती. एक दातांचे डॉक्टर वारल्यावरही सहा वर्षं त्यांचा केक कापला गेला. केक चांगला असायचा.

बुधवारी संध्याकाळी आफ्के पेन घेऊन संडासात गेली होती.

गुरुवारी सकाळी लेन्डर्ट तिथून बाहेर आला तो टॉवेल हातातच धरून.

"आजच्या तारखेला हे 'कोको' कोण?"

"चौथ्या घरातलं. गेल्या वर्षी आजच्याच दिवशी आत ठेवलं होतं आपण. वर्षाचं झालं."

"पेन्सिलने लिहिलंयस का?"

"पेनने."

लेन्डर्टने टॉवेल खांद्यावर टाकला. "श्यानला कळवलंस?"

"आत्या तीनला येतेय. भेट घेऊन."

"म्हणजे झालंच," तो म्हणाला आणि खुर्च्या काढायला गेला. जाता जाता वळला. "पण ट्रक चारला येणार. वाढदिवस वेगळा, ट्रक वेगळा."

तीनला श्यान आत्या चौथ्या काचघरात, खुर्च्यांच्या गोलापाशी आली. तिने भावाचं अभिनंदन केलं, भाचीचं केलं, मग पिशव्यांच्या रांगेपुढे लोकरी मोजे ठेवले.

"मोठ्या नंबरचे घेतलेत. वाढतं वय आहे."

"ताई, त्याला पाय नाहीत," लेन्डर्ट म्हणाला.

"तुला तरी डोकं कुठं होतं लहानपणी? टोप्या आणायचोच की."

साडेतीन. पावणेचार. आफ्केने सगळ्यांना तिसरी कॉफी ओतली. ठीक चारला ट्रकवाला ड्रीस दार ढकलून आत आला आणि समोर खुर्च्यांचा गोल बघून थबकला. कितीही घाईत असो, असा गोल टाळून पुढे जाणारा माणूस त्या भागात अजून जन्मलेला नाही. त्याने हातमोजे काढले.

"कुणाचा?"

"कोकोपीटचा," आफ्के म्हणाली.

ड्रीसने दीड सेकंद विचार केला. मग हात पुढे केला. "अभिनंदन लेन्डर्ट, तुझ्या कोकोपीटबद्दल."

"धन्यवाद," लेन्डर्ट म्हणाला. सवयच ती! आफ्के खुर्चीतून जवळजवळ उडालीच.

"आफ्के, बाबांच्या कोकोपीटबद्दल अभिनंदन. श्यान, भावाच्या कोकोपीटबद्दल अभिनंदन. वर्षाचं झालं ना? दिवस कसे जातात, कळत नाही." तो बसला, केकचा तुकडा उचलला. "बरं, न्यायचं काय आहे?"

आत्याने मोज्यांमागच्या पिशव्यांकडे बोट केलं.

"हेच," आत्या म्हणाली.

ड्रीसचा घास अर्ध्यावर थांबला. "वाढदिवसाच्या दिवशी? केक खायला घालून?"

लेन्डर्टचे कान लाल झाले.

"लेन्डर्ट," आत्या म्हणाली, "निदान उत्सवमूर्ती तरी दाखव पाहुण्याला. घरचा यजमान ना तू?"

आता सुटका नव्हती. लेन्डर्टने पिशवीतून मूठभर भुसा घेतला, कपात पिळला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मीटर हातात धरून पाण्यात बुडवला. सगळे उठून त्याच्या खांद्यावरून वाकले. १.९. आफ्केने आत्याचा दंड पकडला. १.४. "उतर, उतर, उतर!" ड्रीस ओरडू लागला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. १.१. ०.८. आकडा थांबला तो थांबलाच.

"नव्यातसुद्धा कधी कधी याहून जास्त क्षार असतात," लेन्डर्टच्या तोंडून निसटलं.

आफ्केने जी आरोळी ठोकली तिने छपराच्या काचा थरथरल्या. आत्याने ड्रीसला मिठी मारली. ड्रीसने आफ्केला मिठी मारली. लेन्डर्टने दुसरी पिशवी पिळली, मग तिसरी, मग दहावी, ०.९, ०.८, ०.८. प्रत्येक आकड्याला तिघं टाळ्या पिटत होती आणि तोही आता पळत पळत पुढची पिशवी गाठत होता.

"सोमवारी रोपं यातच लावायची," शेवटी तो धापा टाकत म्हणाला. "पण एक मूळ जरी काळं पडलं ना…"

"तर?"

"तर पुढच्या वर्षी केक नाही."

"माझं काय?" ड्रीसने विचारलं. "रिकामा परत गेलो तर लेखी कारण लागतं."

लेन्डर्टने कागद मागवला, चष्मा लावला आणि ट्रकच्या बॉनेटवर ठेवून वळणदार अक्षरात लिहिलं:

"प्रति, वाहतूक व्यवस्थापक. आपला ट्रक आज आमच्याकडे वेळेवर पोचला, परंतु नियोजित माल वाढदिवसात व्यग्र असल्याने येऊ शकला नाही. सबब, यापुढे आपल्या सर्व गिऱ्हाइकांच्या कोकोपीटच्या जन्मतारखा कार्यालयात नोंदवून घ्याव्यात, त्या दिवशी चालकास फक्त अभिनंदनासाठी पाठवावे, आणि आजची रिकामी फेरी 'कौटुंबिक कारण' या सदराखाली भरपगारी धरावी, ही विनंती."