दोन्ही उजव्या कानाची

सकाळी साडेआठला फोन टेबलावर थरथरला, तेव्हा सासूबाई पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यांत कापूस भरत होत्या आणि सून कुरिअरच्या चिठ्ठ्या कापत होती. ते टेबल जेवायच्या वेळेपुरतंच जेवणाचं होतं. एरवी ते दुकान होतं. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, चांदीच्या कानातल्यांच्या या ऑनलाइन दुकानावरच घर चालत होतं. नवरा डबे कुरिअरला नेऊन द्यायचा आणि बायकोला थट्टेने शेठाणी म्हणायचा. मग ती सगळ्यांचीच शेठाणी झाली.

शेठाणीने मेसेज वाचला आणि कात्री खाली ठेवली.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"वेबसाइटवाल्यांनी आपली शेंग दुकानातून काढली. ते डिझाइन तिचं आहे, असं एका बाईचं म्हणणं आहे. सात दिवसांत पुराव्यासकट उत्तर द्या म्हणताहेत."

"कुठली शेंग? ती वाटाण्याची?"

"तीच. आता वाटाण्याच्या शेंगेवरही लोक मालकी सांगणार. उद्या म्हणतील, आम्हाला विचारल्याशिवाय वाटाणे सोलू नका."

सासूबाई हसल्या नाहीत. अर्धवट उघडलेली शेंग, आत चार दाणे, टोकाला वळलेला देठ, असं ते कानातलं होतं. दुकानातल्या दर दहा डब्यांपैकी सहा डबे त्याचेच जात. त्यांनी समोरच्या डब्यातली जोडी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"मला एक कळत नाही. ही दोन्ही एकाच बाजूला कशी उघडतात? एक घातलं की चेहऱ्याकडे उघडतं, दुसरं मानेकडे. मागे एका बाईने लिहिलं होतं ना, एक शेंग माझ्याकडे पाठ करून बसते म्हणून."

"फॅशन आहे ती, आई."

"असेल बाई. आमच्या वेळी दोन कान सारखे दिसायचे."

तक्रारीत आणखी एक ओळ होती. शेंगेच्या वर्णनात शेठाणीने 'चोच स्टाईल' असे शब्द घातले होते आणि 'चोच' हे तक्रार करणारीच्या दुकानाचं नोंदवलेलं नाव होतं. ते नाव शोधणारी गिऱ्हाइकं आपल्याकडे वळावीत, एवढ्यासाठीच तिने ते घातलं होतं. तिने दोन्ही शब्द तिथल्या तिथे पुसून टाकले. एका मिनिटाचं काम. शेंगेचं काम एका मिनिटाचं नव्हतं.

सासूबाईंना माहीत नसलेली गोष्ट अशी होती. दीड वर्षापूर्वी एका प्रदर्शनात शेठाणीने ती शेंग विकत घेतली होती, खुद्द त्या चोचवालीच्या हातून. चोचवाली हाताने काम करणारी, पन्नाशीची, जाड चष्म्याची बाई. प्रत्येक दागिन्याच्या मागे ती चिमणीच्या चोचीएवढा बारीक ठसा मारायची. नवीन वस्तू आधी प्रदर्शनात लोकांच्या हातात द्यायची, त्यांना आवडली तरच काही महिन्यांनी वेबसाइटवर टाकायची, अशी तिची रीत. डबी बंद करताना ती म्हणाली होती, "अदलाबदल करू नका हं. हे डावं आहे, हे उजवं. वेगवेगळी घडवलीत." शेठाणीने मान डोलावली होती. दुसऱ्याच आठवड्यात ती डबी घेऊन ती मामाच्या कारखान्यात गेली होती.

आज पुन्हा ती तिथेच निघाली.

मामाचा ओतकामाचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत भट्टी, दुसरीत मेणाचं यंत्र आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर साबणाच्या वड्यांसारखे रबरी साचे, प्रत्येकावर नंबर आणि तारीख. नमुना रबरात दाबून साचा करायचा, साच्यात मेण ओतायचं, आणि त्या मेणाच्या जागी पुढे चांदी येते. खोलीत जळक्या मेणाचा वास कायम असायचा.

"या भाचीबाई," मामा म्हणाला. "आज हातात पिशवी नाही, म्हणजे भांडण घेऊन आलीस."

"भांडण नाही, कागद हवाय. शेंगेचा साचा तुझ्याकडे कधी झाला, एवढंच लिहून दे."

तिने सगळं सांगितलं. मामाने फळीवरून साचा काढला. तारीख होती. चोचवालीने शेंग वेबसाइटवर टाकली, त्याच्या तीन महिने आधीची.

"म्हणजे आपण पहिले," शेठाणी म्हणाली.

मामाने खणातून तिने तेव्हा दिलेलं मूळ कानातलं काढलं, ते अजून त्याच्याकडेच होतं. मग मापाचा चिमटा घेतला आणि आधी ते मोजलं, मग तिच्या मालातलं एक.

"हे चोवीस मिलिमीटर. हे तेवीस आणि थोडं. का सांग."

"मला काय माहीत?"

"रबर आकसतं, मेण आकसतं, चांदी थंड होताना आकसते. शंभराला तीनेक जातात. घडवलेल्या वस्तूवरून साचा घेतला की नक्कल दर वेळी लहानच येते. स्वतःचा नमुना करणारा माणूस आधीच थोडा मोठा करतो. आणि हे बघ." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. मूळ शेंगेच्या मागे, देठापाशी, एक तिरकी खूण होती. "घडवताना तिची कानस सटकली. तीच खूण तुझ्या उजव्यावर आहे आणि डाव्यावरही आहे. मी तेव्हा विचारलं होतं, दुसऱ्या कानाचा वेगळा साचा नको का? तू म्हणालीस, एकाच साच्यातून दोन काढ, खर्च वाचेल."

"मामा, शेंग काय कोणाच्या बापाची असते?"

"शेंग कोणाचीच नसते. भाजीवाल्याकडून शेंग आणून, चार दिवस तिच्यासमोर बसून तू स्वतः घडवली असतीस, तर मी तुझी पाठ थोपटली असती. दहा जणींनी दहा शेंगा कराव्यात, कोण नको म्हणतंय? पण हा वळलेला देठ, हे दाणे, ही सटकलेली कानस, हे सगळं तिच्या हातचं आहे."

"मला कुठे कायदा माहीत होता तेव्हा?"

"कायदा नसेल माहीत. पण तिचा ठसा मेणाने भरायला तूच सांगितलंस ना? 'मागचं बुजव' म्हणालीस. ज्याला आपलं वाटतं, तो कशाला बुजवायला सांगेल? तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी बुजवला."

शेठाणी स्टुलावर बसली.

"मग मी दुकान बंद करू? घर कशावर चालवू, ते तरी सांग. त्या बाईकडे शंभर डिझाइन्स आहेत, माझ्याकडे एक. तुला मी खोटं लिहायला सांगतच नाहीये. साचा त्या तारखेला झाला की नाही?"

"झाला."

"मग तेवढंच लिही. कशावरून झाला, ते लिहू नकोस."

मामाने बराच वेळ चिमटा उघडला आणि मिटला. बहिणीची मुलगी, घरात बसलेला जावई, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. शेवटी त्याने कारखान्याच्या छापील कागदावर लिहून दिलं: या आकाराचा साचा अमुक तारखेला माझ्या कारखान्यात तयार झाला. खाली सही केली. त्या कागदावरचा एकेक शब्द खरा होता, आणि कागद साफ खोटा होता.

"हे कोणी बघायला येणार नाही, मामा," ती जाताना म्हणाली.

"नाही येणार," मामा म्हणाला. "म्हणून तर तुला हवाय."

नवव्या दिवशी शेंग दुकानात परत आली. वेबसाइटवाल्यांनी तारखा पाहिल्या, दुसरं काही पाहिलं नाही. नक्कल करून वर खोटी तक्रार केल्याबद्दल चोचवालीचंच खातं थांबवल्याचं त्यांनी कळवलं. नवऱ्याने शेठाणीला सलाम ठोकला. सासूबाई पुन्हा कापूस भरायला बसल्या. पुढचे चार महिने डबे जात राहिले.

चार महिन्यांनी, दुपारच्या वेळी, दारावरची बेल वाजली. दारात जाड चष्म्याची बाई उभी होती, हातात दुकानाचाच पुठ्ठ्याचा डबा. डब्यावर परतीचा पत्ता छापलेला असतो, त्यावरून ती आली होती. शेठाणीने तिला ओळखलं आणि दाराची कडी हातातच धरून ठेवली.

"माल परत करायचाय," चोचवाली म्हणाली. "दोन्ही उजव्या कानाची आहेत."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी म्हणतच होते. या, बसा. पाणी आणते."

चोचवाली टेबलाशी बसली. तिने डब्यातली जोडी काढली आणि उलटी करून ठेवली.

"ही खूण दिसते? कानस सटकली तेव्हा माझं बोट कापलं होतं." तिने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली, पेरावर पांढरा व्रण होता. "एकदाच कापलं होतं. तुमच्याकडे किती शेंगांवर आहे?"

सासूबाईंनी पाण्याचा पेला ठेवला आणि सुनेकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावरचे दोन तयार डबे उघडून त्यातल्या शेंगा एकेक करून उलट्या केल्या. चारही शेंगांवर ती तिरकी खूण होती.

"आता... आता मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?" शेठाणीने विचारलं. "तुम्ही पुन्हा अर्ज करा ना."

"केला. दोनदा. त्यांच्याकडे कागद आहे, माझ्याकडे बोट आहे. बोट जोडायला त्यांच्या फॉर्ममध्ये जागा नाही." ती हे शांतपणे म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी. "सहा वर्षांची गिऱ्हाइकं त्या खात्यात होती. त्यांचे पत्ते गेले. आता मी साखळ्यांच्या कारखान्यात आहे. यंत्रातून कडी येते, मी जोडते. दुसरी येते, तीही जोडते."

"मग आज आलात कशाला?"

चोचवालीने पर्समधून कागदाची पुडी काढली. तिच्यात पितळेची एक शेंग होती, चांदीच्या शेंगेपेक्षा किंचित मोठी. उलट्या बाजूला उघडणारी.

"डावं द्यायला. तुमच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचते मी अजून. एका कानातली शेंग पाठ करून बसते म्हणतात. वाईट वाटतं, काम माझं आहे ना. हा डाव्याचा मूळ नमुना. मला आता त्याचा उपयोग नाही." ती उठली. पाण्याला तिने हात लावला नव्हता.

ती गेल्यावर सासूबाई खुर्चीत टेकल्या. "इतके दिवस मी चोरीच्या मालात कापूस भरत होते होय गं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच शेठाणीला तो सोसवेना.

किती बारीक गोष्ट होती ती! नखाएवढी शेंग, तिच्यावर केसाएवढी खूण. हजार वेळा ती शेठाणीच्या बोटांखालून गेली होती आणि एकदाही तिच्यामागे कोणाचं तरी बोट असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

त्याच दुपारी ती मामाकडे गेली. घडलेलं सांगून, आता खरं ते लिहून दे, म्हणाली. मामाने पितळेची शेंग हातात घेतली, भिंगाखाली धरली आणि म्हणाला, "पाहिलंस? आधीच मोठी केलीय. आकसणार हे तिला माहीत होतं." मग त्याने फळीवरचा साचा काढला, धारदार पात्याने त्याचे उभे आडवे तुकडे केले आणि त्याच छापील कागदावर दुसरं पत्र लिहिलं. यात नमुना कोणाचा होता, ठसा कोणी बुजवायला सांगितला आणि कोणी बुजवला, सगळं होतं. खाली दोघांनी सह्या केल्या.

वेबसाइटवाल्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. शेंग कायमची काढली, आणि वर्षभर शेठाणीच्या दुकानावर नक्कल केल्याची लाल खूण राहील. ते तिला मान्य होतं. शेवटची ओळ मात्र ती तीनदा वाचत राहिली: बंद झालेलं खातं नव्वद दिवसांनंतर पूर्ववत करता येत नाही.

साखळ्यांच्या कारखान्याच्या फाटकापाशी ती दुपारच्या सुट्टीत उभी राहिली. चोचवाली बाहेर आली, बोटांना काळं तेल लागलेलं.

"तुमचं डावं परत आणलंय," शेठाणी म्हणाली. "साचा कापून टाकला. मी लिहून दिलं त्यांना, सगळं. पण ते खातं..."

"मला कळवलंय त्यांनी."

"नवीन दुकान काढा. मी मदत करते. फोटो, डबे, काय लागेल ते."

"तुमच्यावर लाल खूण आहे. तुमची मदत घेतली तर माझ्यावरही येईल."

"मी माफी मागायला आलेय."

"मागा."

शेठाणीने मागितली. चोचवालीने ऐकून घेतली, पुडी घेऊन पर्समध्ये टाकली आणि घड्याळाकडे पाहिलं. "बरं. माझी सुट्टी संपते आता," ती म्हणाली आणि आत गेली.

आज नवरा एका गोदामात मालाची मोजदाद करतो. टेबलावर डबे थोडे असतात. शेठाणीने भाजीवाल्याकडून घेवड्याची शेंग आणून स्वतः कोरली. पहिल्या नऊ बिघडल्या, दहाव्या जोडीचं डावं-उजवं जुळलं. महिनाभरात तीन जोड्या गेल्या. मामाच्या कारखान्यात मेणाच्या यंत्रावर पाटी लागली आहे: मागची बाजू बुजवलेला नमुना साच्याला घेतला जाणार नाही. पाटी वाचून दोन गिऱ्हाइकं परत गेली, असं तो सांगतो.

वाचकहो, आपणही रोज कोणाचा तरी फोटो उचलतो, नक्षी उचलतो, नाव उचलतो, आणि 'इंटरनेटवर होतं' म्हणून हात झटकतो. ते तिथे कोणीतरी ठेवलेलं असतं. उचलण्याआधी एकदा मागची बाजू बघावी. तिथे कोणाचा ठसा असेल, तर त्या माणसाला विचारावं. तो नाही म्हणाला, तर स्वतः चार दिवस बसून आपलं काही घडवावं. आणि तो ठसा बुजवावासा वाटला, तर तिथेच थांबावं, कारण आपलं आपल्याला कळलेलं असतं. शेठाणी उशिरा थांबली. तिची चूक कबूल करायला एक कागद पुरला. चोचवाली मात्र आजही यंत्रातून येणाऱ्या कड्या जोडते आहे. त्या सगळ्या एकसारख्या असतात, आणि त्यांच्या मागे ठसा मारायला जागा नसते.