पाटावरचा कोरा फॉर्म

मी बसले की माझा उजवा पाय हलतो. आधी अंगठा, मग टाच, मग गुडघा. वल्लरीला मांडीवर घेऊन भात भरवायला लागले की ती म्हणायची, "मम्मी, रेल चल रही है." पलीकडे चहा पीत बसलेले सासरे कप उचलून धरायचे. "साधना, थांबव तो पाय. पाटासकट हालून राह्यलो मी."

थांबवायचे. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून सात वेळापत्रकं चिकटवलेली होती, एकावर एक. वल्लरी झाल्यापासूनच्या चार वर्षांतली. पहाटे पाच ते सहा सामान्य ज्ञान, दुपारी ती झोपली की गणित, असं. एक आठ दिवस चाललं, एक तीनच. प्रत्येकाच्या माथ्यावर एकेक ध्येय लिहिलेलं. बी.एड. माझ्या वडिलांनी सुचवलं होतं, बँक माझ्या नवऱ्यानं, अनुरागनी, शिक्षाकर्मीची म्हणजे कंत्राटी शिक्षकांची भरती शेजारच्यांनी. मी पट्टी घेऊन रेषा मारायची. रेषा माझ्या फार सुबक यायच्या.

आठवं ध्येय बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी आणलं. दोन हजार एकच्या दसऱ्याआधी ते पीएससीचा फॉर्म घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न पाडता.

"मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले तवापासून जागा कमी झाल्या," ते म्हणाले. "पण तू बीएस्सीत पह्यली आलती. तुले काय कठीन?"

बाबांनी बालाघाटच्या कलेक्टर कचेरीत बत्तीस वर्षं बाबूगिरी केली. साहेबाच्या खोलीत फाईल ठेवायची, सही होईस्तोवर उभं राहायचं, फाईल उचलायची. तिथे बसायला त्यांना कधी कोणी सांगितलं नाही. अनुराग गणितात कच्चे निघाले आणि भरवेलीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन झाले. मग मी आले, मार्कशीट घेऊन.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, पदांचा पसंतीक्रम. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, नायब तहसीलदार आणि आणखी बरीच. समोर आकडे टाकायचे. नाव, पत्ता, जन्मतारीख हे सगळं मनात भरून झालं होतं. त्या रकान्याशी आले की पाय हलायला लागे. यातलं मला एकही नको होतं असं नाही. मला काय हवंय, हेच माहीत नव्हतं. पण लहान मुलीची आई झालेल्या बाईनं हे कोणाला सांगायचं? लोक म्हणाले असते, पोरगी आहे की, अजून काय पाहिजे.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येकानं आपापलं हत्यार पाटावर ठेवायचं. ज्यावर आपलं काम चालतं ते. आणि एकदा हळदीकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी सोनं लुटून घरी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाबा या बाबतीत फार कडक. रिटायर झाले तरी घरातलं प्रत्येक पेन, पेन्सिल, टाक धुऊनपुसून पाटावर मांडत. अनुरागनी पकड, टेस्टर आणि हेल्मेट ठेवलं. वल्लरी धावत जाऊन तिची स्केचपेनांची डबी घेऊन आली. "मेरा भी." तीही ठेवली.

"आन तुझं?" बाबांनी मला विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. लाटणं, झारा, सुई. त्यांनी माझी वाट पाहिली नाही. पिशवीतून फॉर्म काढला आणि पाटाच्या मधोमध ठेवून वर झेंडूचं फूल ठेवलं.

"उद्या सोनं वाटून आलो की मुहूर्तावर भर. परवा सकाळी डाकेत टाकू. शेवटची तारीख तीच हाये."

अनुराग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "फूल पडलं ना तुझ्यावर. आता सुटका नाही."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दोन दिवस त्या कागदाला हात लावायचा नाही.

अकराच्या सुमारास मागच्या आळीतल्या दुर्गाबाई आल्या. मागे त्यांची सून गीता, डोक्यावरून शाल, तापानं चेहरा उतरलेला. हातात औषधाच्या कागदी पुड्या.

"बहू, सूर्य काढून दे व," दुर्गाबाई म्हणाल्या. "मलेरिया निंगाला. बाराच्या बसनं लांजीले जाते, मायच्या घरी. तिथं कोनाले वाचता नाही येत."

हे आमचं जुनं. पुडीवर उगवता सूर्य म्हणजे सकाळची गोळी, डोक्यावरचा सूर्य दुपारची, चंद्र म्हणजे झोपतानाची. शेजारी, जेवल्यावर घ्यायची असेल तर भरल्या भांड्याचं, नाहीतर उपाशी पोटाचं चित्र. वल्लरीच्या स्केचपेनांनी काढून द्यायची. आळीत कोणाला ताप आला की पुडी माझ्याकडे यायची, त्यात मला कधी विशेष वाटलं नव्हतं.

आज घरात लिहायला काही नव्हतं. सगळं पाटावर. मी काजळाची डबी आणली आणि बोटानं सूर्य काढला. चंद्र काढला. पसरले.

दुर्गाबाईंनी पुडी लांब धरून पाहिली. "दोन्हीकडं रातच होऊन राह्यली न व."

गीताला हसू आलं आणि तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ तव्यासारखी तापली होती.

"किती दिवस घ्याच्या, सांगतलं का तुले?" मी विचारलं.

"हौ. आज चार, उद्या चार, परवा दोन."

"मग घेशील ना तशा?"

ती सासूकडे पाहू लागली. दुर्गाबाई म्हणाल्या, "ताप उतरला का बाकीच्या ठेवून देऊ. घरात आनखी कोनी पडलं तर कामी येते. दरसालचंच हाये."

मी उठले आणि पाटावरून स्केचपेनांची डबी उचलली. विचार केला असता तर उचलली नसती. डबीवरचं कुंकू बोटाला लागलं तेव्हा कळलं. बाबा दारातच उभे होते.

मी गीतासमोर बसले. तीन दिवसांच्या तीन पुड्या वेगळ्या केल्या, सूर्य-चंद्र नीट काढले. पहिलीवर तापलेली बाई काढली. दुसरीवर तीच बाई हसताना, आणि तिच्या पोटात बारीक लाल ठिपके. तिसरीवर तीच, ठिपक्यांशिवाय. "हे पाह्य. तुले बरं वाटते, पन हे आत लपून हायेत. उद्याच्या चारनं बरेचसे मरतात. परवाच्या दोननं एकही राहत नाही. तू ठेवून देशील त्या गोळ्या, आन हे ठिपके महिन्याभरानं तुलेच पुन्हा पाडतील."

दुर्गाबाई पुडीवर वाकल्या. "मागच्या साली माझा ताप दोनदा आलता, तो हाच काय?"

"तोच असंन."

"आन मले डाक्टरनं असं काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असंन. घाईत."

गीताकडून तीनदा म्हणवून घेतलं. ठिपके तिनेच मोजले. मग त्या गेल्या. मी डबीचं झाकण लावलं आणि बाबांना म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा पूजा करू का?"

ते खुर्चीवर टेकले. वल्लरीच्या वेणीशी खेळू लागले.

"अर्धा तास बसली होती तू," ते म्हणाले. "पाय नाही हालला."

मी पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. त्यानं लगेच अंगठा हलवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं वाटून घरी आलो. बाबांनी फॉर्म उचलला, झेंडूची पाकळी झटकली, पेन माझ्यापुढे केला. मी नाव लिहिलं नाही. बत्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणायचं होतं.

"बाबा, उद्या गीताच्या दोन गोळ्यांचा दिवस आहे. मी सकाळच्या बसनं लांजीला जाऊन पाहून येते."

"आन हा?"

"फॉर्म पुढच्या वर्षीही निघेल. मला आधी कळू द्या, कशासाठी भरायचा ते. समोरच्याला कळेल असं सांगायचं काम मला जमतं, एवढं काल कळलं. त्याला काय शिकावं लागतं, नोकरी कोण देतं, काहीच माहीत नाही. लांजीच्या सरकारी दवाखान्यात विचारते."

"या यादीत तसं पद नाही," बाबा म्हणाले. त्यांनी सगळी यादी बोट ठेवून पुन्हा एकदा वाचली, शेवटपर्यंत. मग फॉर्म जसाच्या तसा, घडी न पाडता, पिशवीत घातला. त्यांचे हात फार सावकाश चालत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

अनुराग कपाटाशी गेले, वरचं वेळापत्रक सोडवलं आणि त्याची कोरी बाजू माझ्यापुढे ठेवली. मी स्केचपेननं एवढंच लिहिलं: उद्या, लांजी.

पिशवी ट्रंकेत ठेवून बाबा बाहेर आले. "येताना चारची बस नको पकडू. ठेसून भरून येते. तीनचीनं येजो." जरा थांबून म्हणाले, "आन तो चंद्र मोठा काढत जा. मले चष्म्यातून तो कोयता वाटला."