अध्यक्षांना दहापैकी साडेतीन

ही गोष्ट एकोणीसशे एकोणऐंशी सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी माझ्या सख्ख्या धाकट्या दिरांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

भाऊजी आमच्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते. वर्षानुवर्षं बिनविरोध. निवडणुकीची रीत अगदी सोपी. शाळेच्या सभागृहात ते स्वतःच उभे राहून विचारत, "कुणाची हरकत?" आणि चष्म्यावरून एकेका रांगेकडे बघत. हात वर करायची कुणाची छाती होती? बदल्यांच्या शिफारशी त्यांच्या हातात. हरकत घेणाऱ्याची बदली थेट नदीपलीकडे.

त्या वर्षी शिवणबाईंनी हात वर केला. शिवण शिकवत म्हणून शिवणबाई. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. मधल्या सुट्टीत बाई धावत घरी जायच्या, त्यांना चार घास भरवून, कूस बदलून परत यायच्या. आणि भाऊजींनी नदीपलीकडच्या शाळेसाठी त्यांचंच नाव काढलं होतं. गुन्हा काय, तर अध्यक्षांचं भाषण चालू असताना त्या मांडीवर फ्रॉकला काज करत बसल्या होत्या.

"मी उभी राहतेय," बाई म्हणाल्या. "आणि मतदान गुप्त हवं."

"गुप्त? अहो, आपला कारभार पारदर्शक आहे. हात वर करा, सगळ्यांना दिसू दे."

"पेटी दिसू दे, सर. मतदार कशाला दिसायला हवेत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजींनी तिकडे पाहिलं, तर सगळे चेहरे वर्गाच्या फोटोतल्यासारखे.

अखेर ते तयार झाले, पण दोन अटींवर. निवडणूक अधिकारी मी, आणि प्रत्येक मतपत्रिका सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. मी घरचीच, मग काळजी कसली! "वहिनी, तुम्ही आहात म्हणजे मला घोर नाही," रात्री जेवताना म्हणाले. मी त्यांना आणखी भात वाढला.

विज्ञानाच्या सरांनी माशांची काचेची पेटी दिली. मासे बादलीत गेले. पत्रिकेवर दोन नावं, एकापुढे बरोबरची खूण करायची. आणखी काही लिहिलं तर पत्रिका बाद. हे मी फळ्यावर लिहिलं, वर वाचूनही दाखवलं. पण मास्तरांपुढे कागद ठेवून हातात पेन दिल्यावर ते कागद तपासल्याशिवाय राहतात का? माझ्या डोक्यात हे आलंच नाही.

वाचायला शिट्टीसर उभे राहिले. ते खेळ शिकवत आणि त्यांचा आवाज फाटकापर्यंत जाई.

"शिवणबाई, बरोबर. अध्यक्ष, चूक."

"चूक म्हणजे?" भाऊजी उठले.

"फुली मारलीय, सर. लाल शाईनं."

"बाद," मी म्हटलं.

"अध्यक्ष, दहापैकी साडेतीन."

"वरचा अर्धा कशाचा?"

"अक्षर नीटनेटकं असल्याबद्दल, असं खाली लिहिलंय."

सभागृह खदखदलं. "बाद," मी म्हटलं.

मग एकेक येऊ लागलं. 'हुशार आहेत, पण दुसऱ्याला बोलू देत नाहीत.' 'मागील वर्षापेक्षा घसरण.' शिवणबाईंनाही कुणी सोडलं नाही. 'उत्तर बरोबर, आवाज वाढवावा.'

"वाचन बंद करा!" भाऊजी ओरडले.

"सर, अट तुमचीच होती," शिवणबाई म्हणाल्या.

शिट्टीसरांनी पुढचा कागद उलगडला आणि सवयीनं दणक्यात वाचला. "अध्यक्ष. घरीही असंच वागतात."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे भूगोल शिकवणाऱ्या माझ्या जाऊबाई, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, छताचा पंखा अगदी मन लावून पाहत होत्या.

भाऊजी तरातरा माझ्या टेबलाशी आले. "वहिनी, कागद द्या इकडे. मला सगळ्यांचं अक्षर ओळखता येतं."

तीच तर भीती होती. ते कागद त्यांच्या हाती पडले असते, तर शिवणबाईंच्या जोडीला निम्मी संघटना नदीपलीकडे गेली असती. मी गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले.

"उठा, वहिनी."

"गुडघे धरलेत, भाऊजी."

धड अशी एकही पत्रिका निघाली नाही. लगेच फेरमतदान ठेवलं. या खेपेला शिट्टीसरांनी दारातच पेनं काढून घेतली. खिशातली, कानामागची, एक तर अंबाड्यात खोवलेलं निघालं. खुणेसाठी बालवर्गाच्या बाईंनी शाबासकीचा बदकाचा शिक्का दिला. पुन्हा वाचन सुरू झालं. "बदक अध्यक्षांना! बदक शिवणबाईंना! बदक शिवणबाईंना!" हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिवणबाई मात्र हसत नव्हत्या. बोटाला पदराचं टोक गुंडाळून एकेक बदक ऐकत होत्या.

चार बदकांनी त्या जिंकल्या. भाऊजींनी फेरमोजणी मागितली. बदकं तेवढीच भरली. मग छत्री घेऊन ते निघून गेले.

नव्या अध्यक्षांनी जुन्या शिफारशी रद्द केल्या आणि बदल्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढायचं ठरवलं. "बाई, तुमची तेवढी वगळा, आम्ही समजू शकतो," असं पुष्कळांनी सांगून पाहिलं. बाईंनी ऐकलं नाही. स्वतःच्या नावाची चिठ्ठी त्यांनी आपल्याच हातानं घडी घालून इतरांच्या चिठ्ठ्यांत टाकली.

भाऊजी वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेली असताना बायकोला म्हणत, "वहिनींना सांग, मीठ हवंय." पुढे साधे सभासद झाल्यावर त्यांना हरकत घेण्याचा असा नाद लागला, की सभा लांबायच्या त्यांच्यामुळेच. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती पत्रिका आपली नव्हे, असं जाऊबाई अजूनही शपथेवर सांगतात. शिट्टीसर मुलाकडे राहायला गेले. आता फोनवर अगदी हळू बोलतात. त्या बाद पत्रिका मी चुलीत घातल्या.

शिवणबाईंची चिठ्ठी तीन वर्षं निघाली नाही. तिसऱ्या वर्षी थंडीत वडील गेले, स्वतःच्या अंथरुणावर, लेकीचा हात हातात धरून. चौथ्या वर्षी चिठ्ठी निघाली. बाईंनी ती उलगडून सगळ्यांना दाखवली, आणि पुढच्याच सोमवारी शिवणयंत्र हातगाडीवर घालून नदीपलीकडे राहायला गेल्या.