गुप्तहेराची गाडी आणि आप्पांचे हात

आमच्या घरी टीव्ही चालू असताना कुणी काहीही बोला, कुणाची ना नाही. फक्त एक मालिका लागली की चिडीचूप. सासूबाई मिक्सरसुद्धा बंद करतात. पस्तीस वर्षांपूर्वीची गुप्तहेराची मालिका आहे ती, अजून अधूनमधून दाखवतात. त्यातला गुप्तहेर लाल स्पोर्ट्स कारमधून भुर्रकन येतो, चोर पकडतो आणि भुर्रकन जातो. लांब नाकाची, दोन दारांची, वरून उघडी गाडी. नाव ठिणगी. वळण आलं की पडद्यावर स्टिअरिंग धरलेले नुसते दोन हात दिसतात, आणि तिथं सासूबाई हमखास म्हणणार, "हे हात आमच्या ह्यांचे."

ह्यांचे म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. आप्पा गॅरेजवाले. हिरोला गाडी येत नव्हती म्हणून ठिणगी आप्पाच चालवायचे, अशी आमच्या घराण्याची कीर्ती. त्यांचं लग्नही त्यावरच जमलेलं. सासूबाईंना तेव्हा एका कारकुनाचं चांगलं स्थळ आलं होतं. त्यांनी ते परत पाठवलं आणि ठिणगीवाल्याला हो म्हटलं. हे सांगताना त्या अजून लाजतात.

आता मी पडले गाड्यांच्या सीटा शिवणारी. आप्पांच्याच गॅरेजात मागच्या खोलीत माझं मशीन आहे. दिवसभर मापं घेऊन घेऊन नजर बिघडलीय माझी. टीव्हीतले हात लांबसडक, निमुळत्या बोटांचे. आप्पांची बोटं आखूड, जाड, पाना धरायलाच जन्मलेली. एकदा मी हे बोलून बसले.

"तरुणपणी बारीक होते ते," सासूबाई म्हणाल्या.

"माणूस बारीक होईल हो, बोटं लांब कशी होतील?"

दोन दिवस माझ्याशी अबोला. मग मीही नाद सोडला. कुणाला आपल्या नवऱ्याचे हात टीव्हीत दिसत असतील तर माझं काय जातं?

असंच चाललं असतं. पण मागच्या आठवड्यात पलीकडच्या चौकातली दातांची डॉक्टर गॅरेजात आली. ती म्हणाली, वडील गेले, त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. वडील म्हणायचे, ही टीव्हीतली ठिणगी. कागद काहीच नाही. शनिवारी शेड रिकामी करून द्यायचीय. वाहनांच्या संग्रहालयातले एक साहेब बघायला येणार आहेत. ठिणगी आहे अशी खात्री पटली तर ते त्याच दिवशी ट्रकमधून नेणार. नाही पटली, तर दुपारी भंगारवाला येऊन तुकडे करून नेणार.

"तुम्ही ती चालवलीय ना?" ती आप्पांना म्हणाली. "तुम्ही नुसती ओळखा."

आप्पांचा चेहरा असा झाला, जणू दात काढायला हिनं त्यांनाच खुर्चीत बसवलंय. म्हणाले, "बघू. पाठ दुखतेय जरा." पण सासूबाई ऐकतात होय! शनिवारी सकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी तयार. मलाही निघायला लावलं, सीटा बघायला म्हणून.

शेडमध्ये गाडी उभी होती. हिरवी! कुणीतरी वरून हिरवा रंग फासलेला. पण दारावर नखानं खरवडलं की खाली लाल. आप्पा दारातच थांबले. मी त्यांना गॅरेजात शेकडो गाड्या बघताना पाहिलंय, पण असं टोपी काढून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

संग्रहालयाचे साहेब चष्मा कपाळावर ढकलून वही घेऊन तयारच होते. म्हणाले, "या प्रकारच्या तीन गाड्या या शहरात होत्या. ही त्यांतली एक, एवढं नक्की. पण मालिकेतली कोणती? रंग बदललाय, नंबरची पाटी बदललीय, इंजिन बदललंय. गिअरबॉक्स मात्र मूळचा आहे, आणि तिन्ही गाड्यांचे गिअर वेगवेगळे पडायचे. आप्पासाहेब, तुम्ही सव्वीस भाग चालवलीत. बसू नका, आठवून सांगा. रिव्हर्स कुठे पडायचा?"

"सांगा की," सासूबाई म्हणाल्या. त्यांची मान एवढी ताठ, की मला त्यांचीच काळजी वाटली.

आप्पांनी हवेत हात फिरवला. "डावीकडे. पुढे. त्या काळच्या गाड्यांचा असायचाच तसा."

साहेबांनी आत वाकून दांडा हलवला. उजवीकडे, मागे. पुन्हा हलवला. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि चष्मा खाली घेतला. "मग तुम्ही चालवलेली गाडी ही नव्हे. दुसऱ्या दोघींपैकी असेल. सॉरी, डॉक्टर."

डॉक्टरनं गाडीच्या नाकावर हात ठेवला आणि भंगारवाल्याला फोन लावायला बाहेर गेली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बघा, ह्यांनी पटकन सांगितलं! ह्यांचं लक्षात राहतं सगळं." आप्पांचं कौतुक झालं होतं आणि आप्पांना घाम फुटला होता.

मला ती आखूड बोटं आठवली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पण बोलणार कसं? सून मी. मी नुसती आप्पांकडे बघत राहिले. त्यांनीही बघितलं. आणि मग ते मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर, फोन ठेवा. ही ठिणगीच आहे."

"आणि गिअर?" साहेबांनी विचारलं.

"गिअर मला कसा माहीत असणार? मी त्या सीटवर कधी बसलोच नाही." आप्पांनी टोपी दोन्ही हातांत चुरगाळली. "शूटिंगच्या पहिल्याच दिवशी इंजिन जाम झालं. सुटे भाग मिळेनात. मग इंजिन काढूनच टाकलं, गाडी हलकी झाली. सव्वीसच्या सव्वीस भाग ती ढकलत नेलीय. मी, एक बुटक्या आणि एक पैलवान. आवाज मागाहून घातला. म्हणून तर टीव्हीत गाडी मागून कधी दिसत नाही. मागं आम्ही होतो."

डॉक्टर फोन हातात धरून आत आली. मला हसू येत होतं आणि मी ते गिळत होते, पण सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू पार पळालं.

"कशावरून?" साहेब म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. आत्ताच तर आप्पांनी थाप मारली होती.

"हातानं रेटून पत्रा दबायला लागला, म्हणून मी मागच्या बंपरच्या आत दोन दांडे जोडले होते धरायला. नंतर कुणी कापले असतील, पण बुंधे राहिले असतील. उजवा बुंधा डाव्यापेक्षा चार बोटं खाली. बुटक्याचा हात पोचत नव्हता ना. पैलवान मधून पाठ लावून रेटायचा. बघा. मी लांबच उभा राहतो."

साहेब नव्या पँटनिशी जमिनीवर आडवे झाले. गंज घासायला मी पॉलिश पेपर दिला. खरखर, खरखर. बराच वेळ. मग खालून आवाज आला, "दोन आहेत. उजवा खाली आहे." बाहेर येऊन त्यांनी मोबाइलवर मालिकेतलं एक दृश्य उघडून दाखवलं. संध्याकाळचा रस्ता, गाडीत एकटा गुप्तहेर, आणि मागच्या टोकापलीकडे रस्त्यावर पडलेल्या तीन सावल्या. दोन वाकलेल्या, एक उलटी रेललेली. "दहा वर्षं मी यांना झुडपं समजत होतो," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. डॉक्टर हसता हसता डोळे पुसत होती. गाडी वाचली.

आप्पा मात्र हसले नाहीत. ते सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "तू पहिल्याच भेटीत विचारलंस, खरंच तुम्ही चालवता? मी हो म्हणालो. वाटलं, हा ढकलणारा आहे कळलं तर तू त्या कारकुनाला हो म्हणशील. पुढं रोज सांगायचं ठरवायचो. रोज जास्त अवघड व्हायचं. फार भ्यालो होतो गं मी. अजून भितो."

"चार गल्ल्यांत सांगत फिरले मी!" सासूबाई कडाडल्या. "माहेरी सांगितलं, पोरांच्या शाळेत सांगितलं. आणि ते हात? कुणाचे होते ते हात?"

"हिरोचे."

"म्हणजे पस्तीस वर्षं मी परक्या माणसाचे हात कौतुकानं बघत बसले! लाज नाही वाटली तुम्हाला, शेजारी बसून चहा पिताना?"

"वाटायची. म्हणून तर मालिका लागली की मी चहा करायला उठायचो."

हे मात्र खरं होतं. तो चहा चांगला व्हायचा म्हणून आम्ही कुणी कारण विचारलं नव्हतं. सासूबाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी जवळ गेले, तर हातानंच मला लांब केलं. आता हे दोघं महिनाभर तरी बोलत नाहीत, असा माझा हिशोब.

ट्रक दारात आला. गाडीचं नवं इंजिनही कधीचंच मेलेलं. साहेब म्हणाले, "ट्रकपर्यंत ढकलावी लागेल. स्टिअरिंगवर कुणीतरी बसा." त्यांनी आप्पांकडे बघून दार उघडलं. "तुम्हीच बसा आता. एकदा तरी."

आप्पा पुढे झाले. खरंच झाले, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या सीटपासून हातभर अंतरावर. तेवढ्यात सासूबाई मधून आल्या, पदर खोचला आणि सरळ आत जाऊन बसल्या. फाटलेली सीट कुरकुरली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, आणि समोर बघतच म्हणाल्या, "ढकला."

आम्ही चौघं मागं गेलो. साहेब, डॉक्टर, मी आणि मधे आप्पा. गाडी हलली. अंगणाच्या उतारावर जरा वेगही आला. आप्पा मागून ओरडायला लागले, "अगं, मधला ब्रेक! मधला! तुला कुठं चालवता येते?"

"नाही येत!" सासूबाई मागं न बघता म्हणाल्या. आवाजातलं रडू अजून गेलं नव्हतं, पण त्या हसत होत्या. "तुम्ही तरी कुठं चालवली होती? तरी केलाच ना संसार? ढकला तुम्ही, मी धरलंय!"