शुक्रवार की शनिवार

रोजे सुरू होऊन आठवडा उलटला की शगुफ्ताला दरवर्षी ईदच्या रजेची काळजी लागायची. परभणीतल्या त्या खासगी दवाखान्यात डायलिसिसच्या मशिनी चालवणारी माणसं दोनच, एक ती आणि दुसरा बालाजी. इन्चार्ज अनुपमा मॅडम पुढच्या महिन्याच्या ड्युट्या लावायला बसल्या की विचारायच्या, ईद किती तारखेला? शगुफ्ता सांगायची, चांद दिसला तर शुक्रवारी, नाही दिसला तर शनिवारी. मॅडम हातातलं पेन खाली ठेवायच्या. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांना वर डॉक्टरांना उत्तर द्यावं लागायचं, आणि ज्यांच्या किडन्या बंद पडल्यात त्यांना आज नको, उद्या या, असं म्हणता येत नसतं. ज्याचा वार शुक्रवार, त्याचा शुक्रवारच.

"एक काय ते नक्की सांग," मॅडम म्हणायच्या.

नक्की सांगता आलं असतं तर तिनं कधीच सांगितलं असतं. पहिल्या वर्षी तिनं चांदाचं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षीही सांगितलं. पुढं पुढं तिला त्या सांगण्याचाच शीण येऊ लागला. मग ती एक वार धरायची आणि बाकीचं नशिबावर सोडायची. कधी ईद ड्युटीत जायची, कधी रजा रोज्यात.

यंदा मात्र तिला तसं सोडून द्यायचं नव्हतं. पावसाळ्यात तिचे अब्बा गेले. रेल्वेत गँगमन होते, रिटायर झाल्यावर पूर्णेजवळच्या चुडाव्यातच घर बांधून राहिले होते. भाऊ सौदीला. घरात अम्मी एकटी. अम्मीनं कधी कशाचा हट्ट धरला नव्हता, पण रोजे सुरू व्हायच्या आधी ती फोनवर म्हणाली होती की यंदा ईदच्या सकाळी घरात कुणीतरी पाहिजे बाई, नुसत्या भिंतींना मी काय ईद मुबारक म्हणू?

यंदा पाडवा गुरुवारी आला होता आणि त्याच दिवशी एकोणतिसावा रोजा. पाडव्याला बालाजीला रजा हवी होती. शनिवारीही हवी होती, कारण त्याच्या धाकट्या बहिणीला, सविताला, बघायला जिंतूरकडचे पाहुणे येणार होते. शगुफ्तानं शुक्रवार धरला. एकजण सुट्टीवर असला की दुसऱ्यानं सकाळची आणि दुपारची, दोन्ही शिफ्टा करायच्या, हे ठरलेलंच होतं.

गुरुवारी ती एकटीच होती. दिवसभर मशिनी लावल्या, काढल्या, धुतल्या. दुपारनंतर घसा कोरडा पडून शब्द फुटेना, तेव्हा ती पेशंटांशी हातवाऱ्यांनी बोलू लागली. संध्याकाळी खोलीवर येऊन तिनं खजूर तोंडात टाकला आणि घरमालकाच्या गच्चीवर गेली. गल्लीतली सगळी गच्च्यांवर होती. पश्चिमेला धुळकट ढग होते. गल्लीत गुढ्या उतरवून झाल्या होत्या, कुठंतरी बत्ताशांच्या माळेवरून पोरं भांडत होती. चांद काही दिसला नाही. बाहेरगावच्या बातमीची वाट बघितली, तिकडूनही आली नाही. मग मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं, उद्या तिसावा रोजा, ईद शनिवारी.

ती तिथंच कठड्याला टेकून उभी राहिली. राग आला नाही. रागाला अंगात जोर लागतो.

खाली येऊन तिनं बालाजीला फोन लावला. तो देवगाव फाट्याला, घरी होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथून निघून तिच्या जागी दोन्ही शिफ्टा करणार होता. तिनं चांदाचं सांगितलं आणि अदलाबदल होईल का विचारलं. बालाजीच्या मागं घरातल्या बायांचे आवाज येत होते.

"ताई, पाहुण्यायनी दोनदा तारीख बदलली हाय," तो म्हणाला. "आता आमीच नगं म्हनलो तर हे ठिकाण हातचं जाईन. माझ्याच्यानं न्हाई सांगवत."

"नको सांगू," ती म्हणाली. "उद्या तू येऊच नको. रोज्याच्या दिवशी रजा घेऊन मी काय करू? मी जाते."

अम्मीला तिनं शेवटी फोन केला. अम्मीला कळलंच होतं. नोकरी आहे ना बेटा, एवढंच ती म्हणाली आणि इफ्तारला काय खाल्लंस ते विचारत राहिली.

शुक्रवारी सकाळी शगुफ्ता युनिटमध्ये दिसली तेव्हा अनुपमा मॅडमना आधी नवल वाटलं आणि मग हायसं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "रजा वाचली तुझी."

हे शब्द दिवसभर तिच्या डोक्यात राहिले. सुई टोचताना, नळ्या जोडताना, एका म्हाताऱ्याचं बीपी घसरलं तेव्हा त्याचे पाय वर उचलून धरताना. त्या म्हाताऱ्याजवळ मॅडमही धावत आल्या होत्या आणि तिच्या आधीच त्यांचा हात मशिनीच्या बटनावर गेला होता. तेव्हा तिला आठवलं की इन्चार्ज व्हायच्या आधी मॅडम हेच काम करायच्या. इतकी वर्षं हे तिला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ते तिच्या मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी अजान झाली. तिनं युनिटच्या दारातच पाणी प्यायलं, दोन खजूर खाल्ले. मॅडम पर्स घेऊन निघाल्या होत्या. शगुफ्ता त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेली.

"मॅडम, उद्या सकाळच्या मशिनी तुम्ही लावाल का?"

मॅडम थांबल्या. असं कुणी त्यांना विचारल्याला वर्षं झाली असावीत. शगुफ्तानं पुढं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालंच. अब्बा गेल्यावरची पहिली ईद आहे, अम्मी एकटी आहे, दुपारच्या शिफ्टला मी येते.

"अब्बा गेले तेव्हा तू चार दिवसांत हजर झाली होतीस," मॅडम म्हणाल्या. मग पर्सचा बंद खांद्यावर नीट करत म्हणाल्या, "माझा हात बसलेला नाही आता. पण करते. सकाळची तेवढी. हे तू आधीच का नाही म्हणालीस?"

तुम्ही कधी विचारलं नाही, हे शगुफ्ताला म्हणता आलं असतं. पण तिनंही कधी सांगितलं नव्हतं. ती नुसती मान हलवून, अम्मीला फोन लावत स्टेशनकडं निघाली.

नांदेडकडं जाणारी गाडी भरून होती. पूर्णेपर्यंत ती दाराशी उभीच होती. चुडाव्याला उतरली तर अम्मी स्टेशनवर आलेली. अब्बा असते तर तेच आले असते. दोघी एकमेकींशी फार न बोलता घरी गेल्या. अम्मीनं शेवया भाजून ठेवल्या होत्या, खोबऱ्याचे काप करून ठेवले होते. लेक येणार नाही असं धरूनही तिनं सगळं दोघींपुरतं केलं होतं.

सकाळी शेजारची माणसं नमाजाला गेली. शगुफ्ता न्हाली, अम्मीनं शिवून ठेवलेला कुर्ता घातला. शीरखुर्मा दोघींनी एकाच वाटीत खाल्ला. भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याची ईद कालच होऊन गेली होती आणि तो आज कामावर होता. तो अम्मीशी बोलत असताना शगुफ्तानं अब्बांच्या खाटेवर जरा पाठ टेकली. नमाजाहून माणसं आली की भेटायला येतील, तोवर पाच मिनिटं.

माणसं आली, गेली. पोरं ईदी मागून गेली. तिला काहीच कळलं नाही. जाग आली तेव्हा अम्मी उशाशी बसून पदरानं वारा घालत होती.

"उठवलं का नाहीस?" ती दचकून म्हणाली. "तुला घरात कुणी पाहिजे होतं ना बोलायला?"

"होतीस की," अम्मी म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं, हळू बोला, माझी पोरगी आली आहे." मग म्हणाली, "ऊठ, आता गाडीची वेळ झाली."

दुपारी ती युनिटमध्ये पोचली तेव्हा अनुपमा मॅडम खुर्चीत पाय ताणून बसल्या होत्या. केस सुटले होते, एप्रनवर बीटाडीनचे डाग होते. सगळं नीट पार पडलं होतं, एका पेशंटला मात्र सुई दोनदा टोचावी लागली. त्यांनी ईद मुबारक म्हटलं. शगुफ्तानं शीरखुर्म्याचा डबा पुढं केला. त्यांनी तिथंच झाकण काढलं आणि भूक लागलेल्या माणसासारखं खाल्लं.

दुपारच्या शिफ्टची पहिली पेशंट पोखर्णीची सिद्धम्माआजी. तिला तिचा मुलगा धरून आत घेऊन आला. कॉटवर पडल्यावर आजीनं हात पुढं केला आणि शगुफ्ताच्या नव्या कुर्त्याकडं बघत विचारलं, "पोरी, आज तुजा सण ना? काय केलीस मग?"

"झोपले, आजी."

"लय चांगलं केलीस," आजी म्हणाली आणि डोळे मिटले.

शगुफ्तानं कुर्त्यावर एप्रन चढवला, हात धुतले आणि आजीच्या दंडाला पट्टा बांधून शीर चाचपू लागली.