चिखल्याचं लंगडणं

आमच्या थोरल्याला काम दिसलं की दुखणं आठवतं. मीठ खरवडायचं म्हटलं की कंबर धरते, पोती उचलायची म्हटली की खांदा. जेवणाचं ताट पुढे आलं की सगळे अवयव जागच्या जागी.

त्या दिवशी आमच्या मिठागरात शेवटच्या वाफ्यातलं मीठ काढायला आलं होतं. भरती मोठी होती, म्हणून समुद्राच्या तोंडाशी जी फळी असते तिच्या राखणीला त्याला बसवलं. ती फळी सरकली की समुद्र आत आणि हंगामाचं मीठ पाण्यात. मी सुनेला घेऊन बांधावरून निघाले, तर हा समोरून लंगडत येतोय.

"आई, पाय मुरगळला गं! घरी चल, शेकून दे."

"आणि फळी?"

"घट्ट आहे. तिकडे नको जाऊस, नुसता चिखल आहे."

आईचं काळीज, काय करणार? वळले. तेवढ्यात पायाशी एक चिखल्या फडफडला. मूठभर पाखरू, पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, मानेला दोन्ही बाजूंनी काळा डाग, जणू पट्टा शिवता शिवता कापड संपलं. एरवी हे तुरुतुरु धावणार, थबकणार, चिखलात चोच मारणार, पुन्हा धावणार. आज एक पंख लोंबवत, केविलवाणं ओरडत सरपटत होतं.

"अगं बाई, पंख मोडला वाटतं!" सून कळवळली.

"मोडतोय कसला! उघड्या जमिनीवर जराशा खळग्यात अंडी घालतात, ठिपक्याठिपक्यांची, खड्यांत खडा. कुणी आलं की हे सोंग काढून त्याला भलतीकडे नेतात. हे जिकडे नेतं, तिकडे अंडी कधीच नसतात."

बोलता बोलता माझीच जीभ थांबली. थोरल्याच्या पायाकडे पाहिलं आणि उलटी फिरले.

"आई, अगं थांब!" म्हणत तो मागून धावला. चांगला दोन्ही पायांवर, बरं का!

फळी जागेवर नव्हतीच. दोन दगडांवर आडवी टाकून तिच्यावर पत्त्यांचा डाव मांडला होता. मला बघताच त्याचे दोन दोस्त पसार. पाणी खळखळत आत येत होतं, अर्धा वाफा विरघळलेला. पाखरू निदान पोटच्या पोरांसाठी लंगडतं. आमचं राजा, राणी आणि गुलामासाठी लंगडत होतं.

सुनेने पत्ते उधळले, कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि फळी खाचेत ठोकून बसवली. हा काठावर उभा.

"पाणी चढायच्या आधी लावणारच होतो मी..."

"आजपासून मिठागर सूनबाईच्या हुकमात," मी म्हटलं. "ती म्हणेल तेव्हा उठायचं, ती म्हणेल ते उचलायचं. दुखलंखुपलं तरी तिलाच विचारायचं. आणि आता तोंड मीट, फावडं घे, उरलंय तेवढं मीठ एकट्याने काढ."